बाशिंग: तळाची पानं वाळतात, लांब पानं झडतात आणि मग झाड कुजतं, त्याचं काय करायचं

बाशिंग म्हणजे झाडांच्या सालीवर वाढणारा एक नेचा (फर्न). तो घरी लावणाऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं ठरलेल्या असतात. दिवाळीनंतर ‘तळाची पानं तपकिरी पडून कागदासारखी झाली’, जानेवारी-फेब्रुवारीत ‘लांब पानांच्या पात्या गळून नुसते दांडे राहिले’, आणि मार्च-एप्रिलमध्ये ‘भरपूर पाणी घातलं तरी झाड मेलं’. पहिल्या दोन गोष्टींना उपचार लागत नाही, कारण तो आजारच नव्हे. तिसरी गोष्ट बहुतेक वेळा पहिल्या दोन गोष्टींवर केलेल्या उपचारामुळे घडते. तपकिरी पानं कापली जातात, झाड तहानलेलं समजून रोज पाणी घातलं जातं, आधार मिळावा म्हणून कुंडीत मातीची भर टाकली जाते, आणि पावसाची वाट बघत निवांत पडून राहिलेलं धडधाकट मूळखोड, म्हणजे पानं आणि मुळं ज्यातून फुटतात ते सरपटणारं खोड, सडतं.

आपल्याकडे आहे ते बाशिंगच आहे ना?

बाशिंग, वांदर बाशिंग, अश्वकात्री ही सगळी एकाच नेच्याची मराठी नावं. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. काही अभ्यासक त्याची गणना अ‍ॅग्लाओमॉर्फा या प्रजातीत करतात, त्यामुळे नर्सरीच्या पाटीवर किंवा अ‍ॅपवर दोन्हीपैकी कुठलंही नाव दिसलं तरी वनस्पती तीच. लिनियसने १७५३ मध्ये तिचं वर्णन पॉलिपोडियम या नावाखाली केलं होतं.

ओळखण्याची खूण पानांत आहे, कारण याला दोन अगदी वेगळ्या प्रकारची पानं येतात. एक टोपलीची पानं: बिनदेठाची, रुंद, अंडाकृती, कडेला उथळ कातरलेली, साधारण १० ते ४० सेंमी लांब. ही मूळखोडाला चिकटून, एकावर एक ओणवी बसतात. कोवळी असताना हिरवी असतात, पण थोड्याच आठवड्यांत वाळून तपकिरी, कडक, जाड शिरांची होतात आणि तशीच वर्षानुवर्षं जागेवर राहतात. दुसरी लांब पानं: देठ असलेली, हिरवी, मधल्या दांड्यापर्यंत खोलवर चिरलेली, चांगल्या झाडावर मीटरभर किंवा त्याहूनही मोठी. बीजाणू धरतात ते फक्त या लांब पानांवर. दोन्ही प्रकारची पानं ज्यातून फुटतात ते मूळखोड अंगठ्याएवढं जाड असतं, आणि त्यावर गंजाच्या रंगाच्या खवल्यांची दाट लव असते. ही लव बुरशी समजून खरवडणारे लोक बरेच आहेत. ती खरवडू नका. उन्हाळ्यात मूळखोडातलं पाणी टिकतं त्यात या आवरणाचा मोठा वाटा आहे.

कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटात ते आंबा, फणस, वड, ऐन अशा खडबडीत सालीच्या जुन्या झाडांवर, ओलसर कातळांवर आणि जांभ्याच्या गडग्यांवर वाढतं. भारताबाहेर श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, चीनचं हैनान बेट, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी ते थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा पसारा आहे.

हा पसारा इथे मुद्दाम सांगितला, कारण अर्धा गोंधळ त्यातूनच होतो. मलाया किंवा सिंगापूरला जवळजवळ बारमाही पाऊस असतो, तिथे बाशिंग वर्षभर हिरवं दिसू शकतं. इंटरनेटवरचे देखणे फोटो आणि ‘कायम ओलसर ठेवा’ छापाचे सल्ले बहुतांशी तशा हवेतले. आपल्याकडे चार महिने कोसळून आठ महिने कोरडं राहणारं आभाळ आहे, आणि आपलं बाशिंग त्याच बेतानं जगतं. सिंगापूरला राहणाऱ्यांनी तिथला सल्ला पाळावा. रत्नागिरी, पुणे, नागपूरकरांनी खालचा.

तळाची पानं तपकिरी झाली

होऊ द्या, आणि कापू नका. या सगळ्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

झाडावर उंच बसलेल्या या नेच्याला माती मिळत नाही, म्हणून तो ती स्वतः साठवतो. टोपलीची पानं आणि खोड यांच्या फटीत वरून पडणारा पालापाचोळा, सालीचा चुरा, धूळ, किड्यांची विष्ठा अडकते, कुजते आणि तिचं काळं खत होतं. मूळखोडातून निघालेली मुळं त्या खतात शिरतात. पान हिरवं असण्याची या कामाला गरजच नाही. मेलेलं, कडक पानच जास्त टिकतं. ते कापलं की साठवलेलं खत पहिल्याच जोराच्या पावसात वाहून जातं, मुळं उघडी पडतात आणि मूळखोडावर थेट ऊन येतं. कापल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. तो पुढच्या पावसाळ्यात आखूड, मोजक्या पानांच्या रूपानं दिसतो, आणि तोवर कारण विसरलं गेलेलं असतं.

पानं कापून झाली असतील तर: नारळाच्या सोडणाचे बोटाएवढे तुकडे आणि अर्धवट कुजलेला पाला समप्रमाणात मिसळून मूठभर मिश्रण मूळखोडाच्या कडेनं, मुळांच्या बाजूला बसवा, आणि काथ्यानं सैलसर बांधा. मूळखोडाच्या वर नाही, कडेला. नवी टोपली तयार होईपर्यंत, म्हणजे निदान एक पूर्ण पावसाळा, हा तात्पुरता आधार राहू द्या.

एक अपवाद आहे. टोपलीचं पान कडक न राहता लिबलिबीत झालं, काळं पडलं आणि बोटानं दाबल्यावर त्यातून पाणी आलं, तर ती नैसर्गिक वाळण नव्हे. ती कूज आहे, तिच्याबद्दल पुढे.

लांब पानं झडून दांडेच उरले

कोरडा मोसम लागला की पानाच्या पात्या पिवळ्या-तपकिरी होऊन एकेक करून मधल्या दांड्यापासून सुटतात. काडीसारखे दांडे कित्येक महिने तसेच उभे राहतात. झाड मेल्यासारखं दिसतं, पण मेलेलं नसतं.

खात्री करायची असेल तर मूळखोडाच्या वाढत्या टोकाजवळ, जिथे लव सगळ्यात दाट आणि फिकट असते, अंगठ्यानं दाबून बघा. कडक लागलं तर झाड जिवंत आहे. अजून शंका असेल तर टोकापासून दूर, मागच्या बाजूला नखानं हलकेच खरवडा. आतून पांढुरकं-हिरवट दिसायला हवं. आत तपकिरी आणि सुकं असेल तर तेवढा भाग मेला आहे, तरीही पुढचं टोक जिवंत असू शकतं.

या काळात पाणी कमी करायचं, वाढवायचं नाही. आपल्या हवेत पुढच्या वेळापत्रकाजवळ राहिलात तर चुकणार नाही. जून ते सप्टेंबर उघड्यावर असेल तर पाऊस पुरे. छपराखालच्या बाल्कनीत असेल तर दोन-तीन दिवसांआड भिजवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चार दिवसांतून एकदा. डिसेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकदा. मार्च ते मे पहाटे आठवड्यातून दोनदा, टोपलीतल्या खतापुरता हलका फवारा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत यातूनही थोडं कमी चालतं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात फवारा एखाददुसऱ्यानं वाढवा, पण झाड पाण्यात बुडवून चिंब करू नका. खत या काळात पूर्ण बंद.

दांडे कापले तरी नुकसान नाही. ते सुकून करकरीत झाल्यावर बुंध्यापासून दोन बोटं सोडून कापा. ओले असताना ओढून काढू नका, मूळखोडाची साल सोबत येते.

मूळखोड मऊ पडलं

ही खरी समस्या, आणि बाशिंग मरतं ते बहुतेक यानंच.

कारण जवळजवळ नेहमी हवेचा कोंडमारा हे असतं. नर्सरीतून आणलेलं किंवा कुणी दिलेलं बाशिंग लाल माती-शेणखताच्या कुंडीत लावलं जातं, आणि मूळखोड हळदीच्या गड्ड्यासारखं मातीखाली पुरलं जातं. ते जमिनीत वाढणारं नव्हे. निसर्गात ते सालीवर उघडं सरपटतं, पावसात चिंब होतं आणि पाऊस थांबल्यावर काही तासांत वरून सुकतं. मातीत ते सुकत नाही. नुसतं कोकोपीट भरलेल्या कुंडीतही तीच गत होते, कारण बारीक कोकोपीट पाणी धरून बसतं आणि दोन पावसाळ्यांत दाटून घट्ट होतं.

लक्षणं या क्रमानं येतात: नवं पान उलगडण्याआधीच टोकाशी काळं पडतं. लांब पानं कोरडी न पडता हिरवी-पिवळी असतानाच देठातून लवतात. मूळखोडाची लव ओलसर, चिकट दिसते. दाबल्यावर बोट आत रुततं आणि कुबट वास येतो. वास येईपर्यंत थांबलात तर वाचवण्यासारखं फार काही राहत नाही.

वाचवण्याची पद्धत:

१. झाड कुंडीतून काढा, माती पाण्याच्या सौम्य धारेनं धुवा. जोर लावून मुळं मोकळी करू नका.

२. धारदार सुरी किंवा कटर स्पिरिटनं पुसून घ्या. मऊ भागापासून सुरुवात करून कडक भागाकडे एकेक सेंमीचे काप काढत जा. कापाचा रंग पूर्ण पांढुरका-हिरवट दिसेपर्यंत कापायचं. तपकिरी ठिपका राहिला तर कूज पुन्हा पुढे सरकते. दर कापानंतर पातं पुसा.

३. उरलेल्या तुकड्याला निदान एक वाढतं टोक आणि ८ ते १० सेंमी लांबी हवी. टोक नसलेला तुकडाही कधीकधी बाजूनं फुटतो, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

४. कापलेल्या जागेवर कोळशाची वस्त्रगाळ पूड दाबून लावा. सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी दोन दिवस तसंच ठेवा. बुरशीनाशकाच्या द्रावणात तासन्‌तास बुडवून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कुजणाऱ्या मूळखोडाला आणखी भिजवण्यात शहाणपण नाही. ओल हटली आणि हवा मिळाली तर औषधाची गरज क्वचितच पडते.

५. आंबा, फणस किंवा ऐनाच्या खडबडीत सालीची फळी किंवा ओंडका घ्या. १५ सेंमीच्या तुकड्यासाठी साधारण ३० बाय २० सेंमी. प्लायवूड, रंगवलेलं किंवा वाळवीचं औषध लावलेलं लाकूड नको.

६. फळीवर सोडणाच्या तंतूंचा पातळ थर ठेवा, एक मूठ पुरे. त्यावर मुळांची बाजू खाली करून तुकडा ठेवा, टोक वरच्या किंवा आडव्या दिशेला. टोपलीचं पान शिल्लक असेल तर त्याचं तोंड वर आलं पाहिजे, नाहीतर पाचोळा त्यात पडणारच नाही.

७. काथ्याच्या दोरीनं किंवा मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यानं तीन-चार वेढे द्या. टोकावर वेढा नको. तांब्याची तार अजिबात नको, ओल्या तांब्यामुळे कोवळी मुळं जळतात. तुकडा हलता कामा नये. हलत राहिला तर मुळं सालीला धरत नाहीत, आणि ‘लावलं पण रुजलं नाही’ यामागचं हे सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे.

हे काम मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात केलं तर पाऊस उरलेलं सांभाळतो. कूज डिसेंबरात सापडली तर थांबायला वाव नाही, तेव्हाच कापा आणि बांधा, मात्र जूनपर्यंत नव्या पानाची अपेक्षा ठेवू नका.

फळी टांगायला जागा नसेल तर तारेची टोपली किंवा जाळीची कुंडी चालते. भरायचं मिश्रण: चार भाग सोडणाचे मोठे तुकडे, दोन भाग लाकडी कोळसा, एक भाग विटांचे सुपारीएवढे तुकडे, एक भाग पालाखत. सोडण तीन दिवस पाण्यात भिजवून, दररोज पाणी बदलून घ्या, म्हणजे त्यातलं मीठ निघून जातं. मूळखोड मिश्रणावर ठेवायचं, आत नाही.

विकत घेताना एक इशारा. तमिळनाडूत कोल्ली हिल्स आणि येरकाड भागात याच नेच्याची मूळखोडं सांधेदुखीवरच्या सूपसाठी विकतात, आणि ती ऑनलाइनही मिळतात. ती खाण्यासाठी काढलेली असतात, टोकं बऱ्याचदा मोडलेली असतात. लावण्यासाठी घ्यायचं तर शाबूत टोक आणि दोन-तीन जुनी टोपलीची पानं असलेलं झाड नर्सरीतून घ्या. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वनोपज काढणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वळवाच्या वाऱ्यात मोडून पडलेल्या आंब्याच्या फांदीवर बाशिंग असेल तर मालकाला विचारून ते घेणं सगळ्यात चांगलं. तसं झाड फांदीसकट उचला, सोडवू नका.

पानांची टोकं जळतात

लांब पानं हिरवी, पण कडा आणि टोकं तपकिरी, आणि तीही ऐन पावसाळ्यानंतर लगेच: हे क्षारांचं काम. बोअरवेलचं जड पाणी हे एक कारण. दुसरं अलीकडचं, म्हणजे आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणी झाडांना घालण्याची सवय. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला वापरा, बाशिंगाला नको. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं उपकरण) ५०० च्या वर आकडा येत असेल तर निम्मं साठवलेलं पावसाचं पाणी मिसळा.

खत जास्त झालं तरी हेच दिसतं. जून ते सप्टेंबर, नवी पानं उलगडत असताना, १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, एवढंच. भाजीपाल्यासाठी पाकिटावर लिहिलेलं प्रमाण याला झेपत नाही.

पानामागे ओळीत तपकिरी ठिपके, पानावर मुंग्या

ओळीत असतील तर ते बीजाणुपुंज आहेत. या नेच्यात पानाच्या दोन शेजारच्या मोठ्या शिरांमध्ये गोल ठिपक्यांच्या दोन नीट रांगा असतात. त्यावर झाकण नसतं, पिकल्यावर हात लावला तर बारीक पूड लागते. औषध फवारायचं नाही.

खवले कीड वेगळी दिसते: ती कशीही, विस्कळीत बसते, वरच्या बाजूला आणि देठावरही सापडते, नखानं अख्खी उचकटते, आणि पान चिकट लागतं. पिठ्या ढेकूण कापसाच्या पुंजक्यासारखा पात्यांच्या बेचक्यात असतो. दोन्हींसाठी आधी जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. त्यानं भागलं नाही तर निंबोळी तेल लिटरला ५ मिली आणि द्रव साबण १ मिली, संध्याकाळी. नेच्यांची पानं फवारणीला हळवी असतात, म्हणून आधी एका पानावर मारून तीन दिवस थांबा.

मुंग्यांबद्दल मात्र घाई नको. बाशिंगाच्या पानावर मधुरस सोडणाऱ्या ग्रंथी असतात, फूल नसतानाही. कोवळ्या पानांवर मुंग्या फिरतात त्या यासाठी. पान चिकट नाही, कीड दिसत नाही, तर मुंग्यांना राहू द्या. टोपलीतल्या पाचोळ्यात त्यांनी घर केलं तरी झाडाचं बिघडत नाही, उलट त्या आणतात तो कचरा खतात भर घालतो.

जुलैत कोवळं टोक रातोरात खाल्लं गेलं तर गोगलगाय शोधा. रात्री टॉर्च घेऊन टोपलीच्या पानांच्या खालची बाजू बघा आणि हातानं वेचा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरात कुत्रा-मांजर असेल तर वापरू नका, त्या त्यांना विषारी आहेत.

फक्त टोपलीची पानं येतात, लांब पान येतच नाही

दोन्ही प्रकारची पानं आळीपाळीनं येतात, त्यामुळे एखादा महिना फक्त टोपल्या दिसणं साहजिक आहे. कापून लावलेला तुकडा पहिल्या पावसाळ्यात एवढ्यावरच थांबला तरी समाधान माना, तो पाया भरतो आहे. दुसऱ्या ऑगस्टपर्यंतही लांब पान नसेल तर उजेड कमी आहे. नेचा म्हणजे अंधार हा समज इथे चालत नाही. बाशिंगाला आंब्याच्या फांदीवर मिळतो तसा भरपूर गाळीव उजेड लागतो. सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन किंवा ५० टक्के शेडनेट योग्य. एसीच्या खोलीत ते जगत नाही.

आंब्याच्या झाडावर आहे, काढावं का?

कोकणातल्या बागांत ते बांडगूळ समजून उपटलं जातं. बांडगुळाला फांद्या, जाड पानं आणि नळीसारखी फुलं असतात, ते आंब्याच्या लाकडात शिरून रस ओढतं आणि शिरलेल्या जागी फांदी फुगते. ते काढलंच पाहिजे. बाशिंगाला फूल नाही, त्याची मुळं सालीवरच राहतात, आत जात नाहीत, आणि ते झाडाचा रस घेत नाही.

त्रास होऊ शकतो तो वजनाचा. जुन्या वसाहतीत साठलेलं खत पावसात भिजून जड होतं. मनगटाहून बारीक किंवा पोखरलेल्या फांदीवर मोठा पसारा असेल तर एप्रिल-मेमध्ये, खत कोरडं असताना, टोकाकडचा भाग टोपल्यांसकट कापून घ्या आणि त्याच झाडाच्या बुंध्याला किंवा जाड फांदीच्या बेचक्याला काथ्यानं बांधा. बुंध्यावरच्या, जाड फांद्यांवरच्या बाशिंगाला हात लावण्याचं कारण नाही.